पोटदुखी कुणाची : मुलाची की वर्गाची?



मागच्या लेखात आपण संशोधनाचा विषय आणि संशोधनाचा प्रश्न यांतला फरक पाहिला. 'प्राथमिक शाळेतील मुलांचं मानसिक आरोग्य' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर नेट-सेट-पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की मग प्रश्न सापडतो कुठे? माझं आजचं उत्तर जरा अनपेक्षित वाटेल : इतिहासात. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राची. इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच होता. पण माझ्या पीएच.डी.चा अडकलेला गाडा शेवटी इतिहासानेच हलवला. कसा, ते सांगते.

सुरुवात माझ्या पोटापासून. दुसरीत असताना मला रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं. रविवारी नाही, सणाला नाही. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, आजीने दृष्ट काढली, आईने डब्यातलं तिखट कमी केलं. दिवाळीनंतर आमच्या वर्गाचे सर बदलून गेले आणि नवीन बाई आल्या. आठवड्याभरात पोट थांबलं. घरी सगळ्यांनी मानलं की जंत गेले. ते सर पाढा चुकला की बोटांमध्ये पेन्सिल धरून दाबायचे, हे मी घरी सांगितलंच नव्हतं. आमच्या वर्गात किमान चार-पाच जणांचं पोट दुखायचं, हे तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तशातला प्रकार.

आता वीस वर्षं पुढे या. माझा पायलट अभ्यास चालू होता. एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चार इयत्ता. मी शिक्षकांना मुलांच्या वर्तनाची प्रश्नावली भरायला दिली होती. 'अस्वस्थ असतो, फार काळ शांत बसू शकत नाही', 'लक्ष सहज विचलित होतं' अशा धाटणीची विधानं आणि पुढे तीन पर्याय. एका बाईंनी तिसरीतल्या एका मुलाचा फॉर्म भरला. बहुतेक विधानांना 'अगदी खरं'. गुण काढले तर मूल थेट 'चिंताजनक' गटात. फॉर्म परत देताना बाई म्हणाल्या, "मॅडम, मागचं अख्खं वर्ष इथे चारही वर्गांना मिळून मी एकटीच होते. हे तुमच्या फॉर्ममध्ये कुठे लिहू?"

फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. मी परत येऊन गाइडना विचारलं. ते म्हणाले, "नाहीये, ते दिसतंच आहे. का नाहीये, ते शोध." त्या 'का'च्या मागे लागले आणि सव्वाशे वर्षं मागे गेले.

पहिली वाट : मूल तपासायचं

१८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये एका शिक्षिकेने आपल्या एका विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे आणलं. मुलगा बाकी ठीक, पण शुद्धलेखन काही केल्या जमेना. विटमरने तपासणी केली तेव्हा डोळ्यांत दोष निघाला आणि वाचलेला शब्द लक्षात ठेवण्यातही खास अडचण निघाली. चष्मा मिळाला, वेगळी शिकवणी सुरू झाली, प्रगती झाली. मानसशास्त्राच्या इतिहासात ही पहिली 'क्लिनिक' मानली जाते. म्हणजे या क्षेत्राचा पहिला रुग्ण शाळेतून आला आणि त्याला आणणारी व्यक्ती शिक्षिका होती, हे लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा पॅरिसचा. सक्तीच्या शिक्षणामुळे सगळ्या थरांतली मुलं शाळेत आली होती आणि काहींना नेहमीच्या वर्गात शिकणं जड जात होतं. अशी मुलं कशी ओळखायची, यासाठी १९०४ साली फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. त्या कामातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची १९०५ ची बुद्धिमापन श्रेणी आली. तीस छोटी कामं, सोप्याकडून अवघडाकडे. बिनेचा हेतू मदत करण्याचा होता. बुद्धी जन्मतः ठरते आणि पुढे बदलत नाही, या समजुतीला त्याचा स्पष्ट विरोध होता आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने मनाचे व्यायामही सुचवले होते. पण श्रेणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि हेतू मागेच राहिला. मोजपट्टी तेवढी पुढे गेली. संशोधनात हे वारंवार घडतं : साधन प्रवास करतं, त्यासोबतची सावधगिरी घरीच राहते.

१९०९ साली शिकागोत विल्यम हीली यांनी बालगुन्हेगारांसाठी संस्था काढली. त्यातून 'चाइल्ड गाइडन्स' ही चळवळ उभी राहिली. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा, अशी तिची पद्धत. ही पद्धत मुंबईत यायला फार वेळ लागला नाही. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या नागपाड्यात कामगारवस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली तिथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आजची 'टिस' ती हीच. आणि १९३७ साली याच संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. भारतातलं हे पहिलं.

त्याच सुमारास डॉ. व्ही. व्ही. कामत धारवाड परिसरातल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची श्रेणी नव्याने बसवत होते. नुसतं भाषांतर त्यांनी केलं नाही. इथल्या मुलांवर वापरून कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो, हे त्यांनी तपासलं. १९४० साली त्यांचं पुस्तक आलं. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीसाठी वापरली जाते. मराठी मुलांवर प्रमाणित झालेलं इतकं टिकाऊ साधन दुसरं सांगता येणं कठीण. प्रमाणीकरण शिकायचं असेल तर कामतांचं काम जरूर पाहा.

या वाटेचा पुढचा मोठा मुक्काम इंग्लंडजवळचं आइल ऑफ वाइट हे बेट. १९६४-६५ मध्ये मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १० ते ११ वर्षांच्या सगळ्या मुलांची पाहणी केली. शंभरातल्या साधारण सहा-सात मुलांना लक्ष द्यावं लागेल अशी मानसिक अडचण आढळली. चाळणी लावण्यासाठी त्यांनी पालक आणि शिक्षकांच्या प्रश्नावल्या वापरल्या. त्याच धाग्यावर रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली २५ विधानांची छोटी प्रश्नावली तयार केली. ती जगभर पसरली. छोटी, फुकट, आणि बलस्थानंही विचारणारी. माझ्या हातात होती ती हीच.

आता तिच्याकडे नीट पाहा. पंचवीस विधानं, पाच खाती : भावनिक लक्षणं, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी नातं आणि इतरांशी चांगलं वागणं. प्रत्येक विधानाचा कर्ता 'मूल'. 'इतर मुलं त्रास देतात' असं एक विधान आहे, पण त्याचे गुणही त्रास सोसणाऱ्या मुलाच्याच खात्यात 'सवंगड्यांबाबतची अडचण' म्हणून जमा होतात. हा गुडमन यांचा दोष नव्हे. त्यांना मुलं ओळखायची होती, वर्ग नव्हे. १८९६ पासून या वाटेवरचा प्रश्न एकच आहे : या मुलाला काय झालंय? बाईंच्या प्रश्नाला फॉर्ममध्ये जागा का नव्हती, याचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

दुसरी वाट : वर्ग बदलायचा

उरलेलं अर्धं उत्तर गुजरातेत होतं. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. मुलगा झाला तेव्हा त्याला शिकवायचं कसं, या विचारात ते पडले आणि मारिया मॉन्टेसरींचं काम त्यांच्या वाचनात आलं. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली तिथे त्यांनी बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशा असलेली आई. टोपणनावातच सगळं आलं.

त्यांचं 'दिवास्वप्न' हे छोटं पुस्तक संशोधनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं मला वाटतं. गोष्ट काल्पनिक, पण मागे अनुभव खरा. लक्ष्मीराम नावाचा एक मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. अधिकारी त्याला प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग एका वर्षासाठी देतो, पण अट घालतो, की वर्षाखेरीस परीक्षेत निकाल दिसला पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर मुदत ठरली, नमुना ठरला, निष्पत्तीचं मापही ठरलं.

आणि पहिल्याच दिवशी पायलट फसतो! मास्तर पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ घ्यायला जातो. दारं-खिडक्या बंद करून अंधार करतो, तर पोरं गोंगाट सुरू करतात. शेवटी त्याला मुलांना सुट्टी द्यावी लागते आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांचं ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून तो बेत बदलतो आणि गोष्ट सांगायला लागतो. गोष्टीसाठी मुलं थांबतात. मग हळूहळू खेळ, वाचन, स्वच्छता. नखं, केस, मळक्या टोप्या यांकडे तो अभ्यासाइतकंच लक्ष देतो. छडी कुठेच नाही.

यातली चाल बघा. गोंगाट करणाऱ्या मुलांपैकी 'चंचल' कोण, याची यादी हा मास्तर करत नाही. तो स्वतःला विचारतो, की मी असं काय केलं ज्यामुळे चाळीस मुलांना गोंगाट करावासा वाटला? पहिल्या वाटेवर ज्याला आपण लक्षण म्हणतो, तेच या वाटेवर शिक्षकाला मिळालेलं उत्तर ठरतं.

त्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं. छडीशिवाय विद्या येत नाही, हे आपल्याकडे म्हणीत आणि बडबडगीतात बसलेलं सत्य होतं. घरी बाप आणि शाळेत पंतोजी, दोघांचं यावर एकमत. भीती ही शिकवण्याची पद्धतच होती.

ही वाट मराठीत आणली ताराबाई मोडक यांनी. मुंबई विद्यापीठाच्या १९१४ च्या पदवीधर असलेल्या ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंसोबत काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघत होतीच. १९३० च्या दशकात ती मराठीतही आली आणि मुलाला मारू नका, त्याच्या 'का'ला उत्तर द्या, हे मराठी पालकांना आणि शिक्षकांना दर महिन्याला वाचायला मिळू लागलं. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवा. दादर, १९३६. नागपाडा, १९३७. एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, जेमतेम वर्षाच्या फरकाने दोन खोल्या उघडल्या. एकीत अडचणीत आलेलं मूल तपासलं जात होतं. दुसरीत मूल अडचणीत येणारच नाही असा वर्ग रचला जात होता. दोन्ही कामं मुलाच्या मनाचीच होती. पण एक पुढे 'मानसिक आरोग्य' या खात्यात गेलं आणि दुसरं 'बालशिक्षण' या खात्यात. विद्यापीठात विभाग वेगळे, जर्नल्स वेगळी, मंत्रालयात टेबलं वेगळी. मी संदर्भ शोधताना 'मेंटल हेल्थ' हा शब्द टाकत होते, म्हणून मला ताराबाई कधी भेटल्याच नाहीत. तुम्ही शोधात कोणता शब्द टाकता, त्यावर तुम्हाला कोणता इतिहास दिसेल हे ठरतं.

कोसबाडची टेकडी

दादरची मुलं मध्यमवर्गीय होती आणि साधनं महाग. हे खेड्यात चालेल का, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, नोकरी करून शिकलेल्या अनुताईंनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं.

मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेचा वाटतो, पण तो या कामातून आला आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिची केंद्रं याच नावाने देशभर ओळखली जाऊ लागली. बांगड्यांच्या काचा, बिया, शंख-शिंपले, पानं यांपासून साधनं बनवायची, म्हणजे पैशावाचून अडत नाही, हेही इथलंच.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली पाडे. इथली मोठी मुलं शाळेत का येत नाहीत? कारण ती गुरं राखायला जातात. मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरत असताना तिथेच शाळा. नाव 'कुरणशाळा'. मुली का येत नाहीत, किंवा आल्या तरी त्यांचं लक्ष का नसतं? कारण कडेवर धाकटं भावंड असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव 'विकासवाडी'. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात.

ही कडेवरच्या भावंडाची गोष्ट वाचली आणि मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ बसून राहिले. माझ्या फॉर्मवर त्या मुलीचे गुण काय आले असते? 'लक्ष सहज विचलित होतं' : अगदी खरं. 'सुरू केलेलं काम पूर्ण करते' : खरं नाही. मुलगी 'सीमारेषेवर' निघाली असती आणि मी शिफारस लिहिली असती, समुपदेशन द्यावे. कोसबाडने तिला पाळणाघर दिलं.

दोन्ही वाटांचे खड्डे

इथवर वाचून पहिली वाट वाईट आणि दुसरी चांगली असं वाटलं असेल तर थांबा. संशोधकाने इतक्या लवकर प्रेमात पडू नये.

विटमरकडे आलेल्या मुलाला चष्मा हवा होता. वर्ग कितीही आनंदी असता तरी त्याला फळा दिसला नसता. ऐकू कमी येणारं मूल, वाचनाची विशिष्ट अडचण असलेलं मूल, घरात कुणी गेल्यामुळे गप्प झालेलं मूल, यांना वर्गातल्या खेळापलीकडचं काही लागतं. ते ओळखायला पहिल्या वाटेचीच साधनं उपयोगी पडतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मालविका कपूर आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच अशी मुलं ओळखायला आणि सुरुवातीची मदत करायला शिकवण्याचं काम केलं, ते याच गरजेतून.

दुसऱ्या वाटेची अडचण वेगळी. तिचा पुरावा बहुतेक आठवणी, अहवाल आणि गोष्टी यांच्या रूपात आहे. कोसबाडला मुलं फुलली हे वाचताना पटतं. पण किती, कशामुळे, आणि ताराबाई-अनुताईंसारखी माणसं नसतील तिथेही फुलतील का, हे गोष्टीवरून ठरत नाही. आणि पसरताना हीही वाट पातळ झाली. अंगणवाडी देशभर गेली, पण पोषण आहार, वजन, लसीकरण आणि रजिस्टरं यांच्या ओझ्याखाली खेळ आणि गोष्ट मागे पडली. बिनेच्या श्रेणीसारखंच झालं. नाव पुढे गेलं, हेतू मागे राहिला.

तरी एका ठिकाणी दुसऱ्या वाटेने मोठी मजल मारली : कायद्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी करतं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कलम २९ मात्र फारसं कुणी वाचत नाही. अभ्यासक्रम ठरवताना मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त होईल, आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडू शकेल, हे पाहावं असं त्यात आहे. म्हणजे भीती घालवणं ही शिक्षकाच्या चांगुलपणाची बाब न राहता अभ्यासक्रमाची जबाबदारी झाली. याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत असंही आहे. बाईंचा प्रश्न आठवला?

कायद्याची गरज किती होती? २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतला बालशोषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या दर ३ मुलांपैकी सुमारे २ मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. आइल ऑफ वाइटच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून बघा. देश, काळ, मोजमाप सगळं वेगळं, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण प्रश्न कुणाबद्दल विचारला, यावर काय दिसतं ते किती बदलतं, हे कळायला तो पुरेसा आहे. मुलाबद्दल विचारलं तर शंभरात सहा-सात. वर्गाबद्दल विचारलं तर शंभरात पासष्ट.

आणखी एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. हा आकडा सगळे जण वापरतात, प्राथमिक शाळेवरच्या प्रबंधातही. पण वयोगट पुन्हा वाचा. पहिली ते चौथीचं मूल त्यात नाहीच. रिसर्च गॅप शोधत फिरणाऱ्यांसाठी ही घ्या, हातात दिली.

माझ्या प्रबंधाचं काय झालं

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत टाकीतले मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडं-मिट करू लागले की आम्ही आधी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचो. मासा उचलून तपासायचं ते नंतर. हे मला येत होतं! तरी शाळेत गेल्यावर मी टाकी विसरून एकेक मासा उचलत बसले, कारण हातात आलेलं साधन माशासाठीच बनवलं होतं.

यात आकडेशास्त्राचाही एक धडा आहे. एका वर्गातली तीस मुलं म्हणजे तीस स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. ती एकच शिक्षक, एकच खोली, एकच छडी वाटून घेतात. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून आपण विश्लेषणात वर्गाचा परिणाम 'नियंत्रित' करतो, म्हणजे बाजूला काढतो. मीही काढणार होते. पण जो भाग मी अडथळा म्हणून बाजूला काढत होते, तोच गिजुभाईंचा आणि ताराबाईंचा विषय होता. गंमत म्हणजे रटर स्वतः पुढे तिकडेच वळले. १९७९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवलं, की शाळेत येणारी मुलं कशी आहेत एवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. शाळेचं वातावरणही मुलांच्या वागण्यावर आणि निकालावर परिणाम करतं. ज्या माणसाच्या प्रश्नावलीतून माझा फॉर्म आला, तोच माणूस फॉर्ममधल्या उणिवेकडे आधी बोट दाखवून गेला होता. मी ते वाचलं नव्हतं, इतकंच.

मी आराखडा बदलला. मुलांची प्रश्नावली ठेवली, पण आता ती वर्गनिहाय वाचते. सोबत वर्गाची नोंद जोडली : शिक्षक किती, किती वेळा बदलले, किती दिवस एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळत होते, चूक झाल्यावर वर्गात काय होतं, मुलांना बोलायला किती वेळ मिळतो, धाकटं भावंड सोबत येतं का. सहा महिने गेले. प्रगती अहवालात 'साधनात बदल' असं लिहावं लागलं आणि समितीपुढे बोलणी खाल्ली. त्या बाईंचं वाक्य मात्र आता आराखड्यात आहे, एका रकान्याच्या रूपात. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. पण मॅडम, दुसरे शिक्षक अजून आले नाहीयेत." रकाना भरल्याने शिक्षक येत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. पण रकानाच नसता तर त्या मुलाच्या नावापुढे 'चिंताजनक' एवढंच राहिलं असतं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. साधन निवडण्याआधी त्याचा जन्मदाखला पाहा. ते कुणी, कशासाठी, कोणत्या मुलांवर तयार केलं? वैधता-विश्वसनीयतेचे आकडे नंतर.

२. साधनातल्या प्रत्येक विधानाचा कर्ता अधोरेखित करा. पंचवीसच्या पंचवीस वेळा 'मूल' आलं, तर तुमचा निष्कर्षही मुलाबद्दलच येणार. तो तुम्ही आधीच ठरवून टाकलेला आहे.

३. संदर्भ शोधताना एकाच विभागाचे शब्द वापरू नका. 'मानसिक आरोग्य' नाही सापडलं तर 'शिक्षा', 'भीती', 'बालशिक्षण', 'गळती' टाकून बघा. मराठीतही शोधा. 'शिक्षणपत्रिके'चे जुने अंक, अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे संशोधनाचंच साहित्य आहे, फक्त ते जर्नलच्या वेषात नाही.

४. पायलटमध्ये माहिती देणारा जे फॉर्मबाहेर बोलतो, ते लिहून ठेवा. वहीच्या मागच्या पानावर का होईना. माझा संशोधनप्रश्न तिथे सापडला.

परवा गावी गेले होते. भाचा दुसरीत आहे. सकाळी दप्तर भरताना म्हणाला, "पोटात दुखतंय." आईने ओवा काढला. मी त्याला विचारलं, "तुझ्या वर्गात अजून कुणाकुणाचं दुखतं?" त्याने क्षणभर विचार केला आणि बोटं मोजायला सुरुवात केली.

पुढच्या लेखात वर्गनिरीक्षणाची नोंदवही कशी तयार करायची, ते उदाहरणासह पाहू. तोवर तुमच्या प्रश्नावलीतले कर्ते अधोरेखित करून ठेवा.